प्रकल्प नोंदी: वांकेल इंजिनाची हाताने फिरवायची प्रतिकृती

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

ताईकडे जेवणं झाल्यावर भाचीने मोबाइलवर एक आवाज ऐकवला. १९९१ च्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतली माझदा ७८७बी. पिस्टन नसलेल्या, वांकेल नावाच्या इंजिनावर ती शर्यत जिंकलेली आजवरची एकमेव गाडी. आवाज असा की अंगावर काटा येतो. तिचा प्रश्न सरळ होता: "मामा, यात पिस्टन नाहीत म्हणतात. मग आत हलतं काय?"

इतकी वर्षं लेथवर काढली, पण दोन वाक्यांत सांगता येईना. फराळाच्या डब्याचं झाकण घेतलं, पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्यात फिरवायला लागलो. गोल झाकणात त्रिकोण नुसता गोल फिरतो, जागा लहानमोठी होतच नाही. तिनेच ते ओळखलं. "मग हवा दाबली कुठे जाते?" बरोबर. झाकण गोल असून चालत नाही, सगळी गंमत त्या आकारात आहे.

जानेवारीत तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. ती नववीत. ठरलं: पारदर्शक झाकणाची, हँडल मारून फिरणारी प्रतिकृती करायची, तीही खऱ्या मापाची. एमआयडीसीतल्या शेडमध्ये माझा लेथ आणि ड्रिल मशीन आहे, बाकीचं बाहेरून कापून आणू. आजपासून ही वही.

६ नोव्हेंबर, बुधवार

मापं ठरवली. माझदाच्या १३बी इंजिनाची मापं घेतली, कारण ती आकड्यांत सुटसुटीत आहेत. रोटरच्या (आत फिरणाऱ्या फुगीर त्रिकोणाच्या) मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी, आणि शाफ्टच्या मध्यापासून रोटरचा मध्य सरकलेला १५ मिमी. या दोन आकड्यांतून जवळजवळ सगळं इंजिन निघतं.

घराचा, म्हणजे हाउसिंगचा आकार असा काढतात: १०५ मिमीची एक काठी मध्यावर फिरते आहे असं समजा. तिच्या टोकाला १५ मिमीची दुसरी काठी. पहिलीचा एक फेरा होतो तेवढ्यात दुसरीचे त्याच दिशेने तीन फेरे होतात. दुसऱ्या काठीच्या टोकाला पेन्सिल बांधली की जी रेघ उमटते ती हाउसिंगची आतली भिंत. आकार दिसतो भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा, कमरेत किंचित चेपलेला. लांबी २४० मिमी, कमरेत १८०. मोठी काठी लहान काठीच्या नऊपटीपेक्षा कमी असेल तरच कमरेला असा खड्डा पडतो. आपली सातपट आहे.

एक्सेलमध्ये दर अंशाला एक असे ३६० बिंदू काढले. भाचीला कोसाइन अजून शाळेत आलेलं नाही, पण दोन काठ्यांची गोष्ट तिला पटकन कळली. तिने पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि टाचणी घेऊन तीच रेघ हाताने काढली. माझ्या छापील कागदावर ठेवली तर जवळजवळ जुळली.

१० नोव्हेंबर, रविवार

गिअरचा निकाल लावला. रोटरच्या पोटात आतून दात असलेली कडी असते आणि मागच्या झाकणाला एक लहान गिअर घट्ट बसवलेला असतो. हा लहान गिअर फिरत नाही. कडी त्याच्याभोवती लोळत जाते. दातांचं प्रमाण ३ ला २ हवं, आणि लहान गिअरची पिच त्रिज्या १५ च्या दुप्पट, कडीची तिप्पट, म्हणजे ३० आणि ४५ मिमी. माझदाने ३४ आणि ५१ दात घेतले आहेत. आम्ही मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २ घेऊन ३० आणि ४५ दात घेतले, मापं बरोबर बसतात.

हाउसिंग १० मिमीच्या अॅक्रिलिकचे दोन थर. रोटरही तसाच दोन थरांचा: मागच्या थरात कडीचे ४५ दात, पुढच्या थरात एक्सेंट्रिकसाठी, म्हणजे शाफ्टवर मध्य सरकवून बसवलेल्या चकतीसाठी, ५० मिमीचं भोक. तिन्ही बाजू फुगीर. टोकाटोकांमधल्या सरळ रेघेपासून मधला फुगवटा २२ मिमी. गणिताने २२.५ पर्यंत चालतो, अर्धा मिमी मोकळा सोडला.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर एक्सेंट्रिक. १५ मिमीचा ब्राइट बार हा शाफ्ट. त्यावर ५० मिमी व्यासाची चकती, पण तिचं भोक मध्यापासून १५ मिमी बाजूला. फोर-जॉ चकमध्ये चकती सरकवून धरली. पातळ बाजूला भिंत फक्त अडीच मिमी उरते, त्यामुळे बोअर करताना कट अगदी बारीक घेतला. बसवून फिरवल्यावर व्हर्निअरने दोन टोकांतला फरक मोजला, ३० पाहिजे होता, २९.९४ आला. ग्रब स्क्रूने आवळली.

पिस्टनच्या इंजिनात क्रँकशाफ्ट वेडावाकडा असतो. इथे सरळ बारवर मध्य सरकलेली एक चकती, झालं. कारागीर म्हणून मला हा भाग फार आवडला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन शेडवर. लेझरचे तुकडे कालच आले होते. जोडणी केली. रोटरच्या तीन टोकांना ६ मिमी जाडीच्या पितळी पट्ट्या, टोक कानशीने ३ मिमी त्रिज्येत गोल केलेलं.

फिरत नाही. पाव फेरा छान जातो आणि अडकतो. जोर लावला तर अॅक्रिलिक करकरतं. सोडून दिलं. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघितलं: लांब टोकांना पट्टी भिंतीला नीट टेकते, कमरेच्या अगदी मधोमधही टेकते, पण कमरेच्या दोन्ही अंगांना, एकूण चार जागी, पट्टी भिंतीत शिरायला बघते. लेझरची चूक म्हणावी तर ती चारही जागी सारखी कशी?

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. चूक माझ्या रेखाटनात होती.

पट्टी भिंतीवर नेहमी काटकोनात उभी राहत नाही. लांब टोकाला आणि कमरेच्या मधोमध ती सरळ असते, मधल्या प्रवासात झुकते. सगळ्यात जास्त झुकाव किती? साइन बरोबर ४५ भागिले १०५, म्हणजे २५.४ अंश, एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या. पट्टीचं टोक अणकुचीदार असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते ३ मिमीने गोल आहे. झुकल्यावर त्या गोलाईची बाजू भिंतीला लागते आणि हिशोबाने ०.२९ मिमी आत घुसते. फिलर गेज जवळपास तेच सांगत होता.

उपाय: काठ्यांनी काढलेली रेघ ही पट्टीच्या गोलाईच्या मध्याची वाट समजायची, आणि खरी भिंत त्या रेघेच्या सगळीकडे ३ मिमी बाहेर काढायची. म्हणजे हाउसिंग आता २४६ बाय १८६. रोटर तसाच, पट्ट्या ३ मिमी पुढे. नवीन फाइल लेझरवाल्याला दिली.

या एका चुकीने मला जे शिकवलं ते वाचून कळलं नसतं. खऱ्या इंजिनात ही पट्टी मिनिटाला हजारो वेळा अशी डावी-उजवीकडे झुकत भिंतीवरून घासत जाते, आणि तिने तसं करताना स्फोटाचा दाब अडवून धरायचा असतो.

१ डिसेंबर, रविवार

फिरलं!

भाचीने रोटरच्या एका बाजूला लाल ठिपका चिकटवला आणि हँडल मारत मोजलं. हँडलचे तीन फेरे, रोटरचा एक. तिने चारदा मोजलं, कारण तिला खोटं वाटत होतं. रोटर शाफ्टवर बसलेला असून शाफ्टपेक्षा सावकाश कसा? मग तिला झाकणावरचा घट्ट गिअर दाखवला. एक्सेंट्रिक रोटरला ओढत गोल नेतो, आणि गिअर त्याला मागे लोळायला लावतो. दोन्ही मिळून एक तृतीयांश गती उरते.

लाल ठिपक्याची बाजू बघत बसलो. भिंत आणि ती बाजू यांच्यातली जागा मोठी होते, म्हणजे हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. कमरेशी येते तशी जागा चिंबते, दाबणं झालं. तिथे ठिणगी. मग पुन्हा मोठी होते, हाच जोर देणारा टप्पा. शेवटी पुन्हा चिंबते, जळालेला धूर बाहेर. आपल्या मोटरसायकलचे चार टप्पे हेच, फक्त वरखाली होण्याऐवजी एकाच घरात चार वेगवेगळ्या खोल्यांतून जात. झडपा नाहीत. आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या भोकांवरून रोटर स्वतःच सरकतो आणि उघडझाप होते. रोटरच्या तिन्ही बाजूंवर हा खेळ एकाच वेळी चालू असतो, म्हणून हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. एका पिस्टनच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ती दोन फेऱ्यांना एक.

आणखी एक गोष्ट हाताने कळली. मला वाटत होतं ताकद गिअरमधून जाते. झाकण काढून, एक्सेंट्रिक बाजूला असताना रोटरच्या फुगीर बाजूवर मधोमध अंगठा दाबला. शाफ्ट फिरला, आणि गिअरच्या दातांवर काही जोर येईना. दाब रोटरच्या मध्यातून जातो आणि रोटरचा मध्य शाफ्टपासून १५ मिमी लांब आहे. तेवढी १५ मिमीची दांडी शाफ्टला फिरवते. गिअरचं काम फक्त रोटरचं तोंड योग्य दिशेला ठेवणं. एक्सेंट्रिक बरोबर समोर असताना अंगठा दाबला तर काहीच हललं नाही, पिस्टन वरच्या टोकाला असताना होतं तसंच.

घनफळ: तीन गुणिले वर्गमूळ तीन, गुणिले १५, गुणिले १०५, गुणिले जाडी. आमची जाडी २० मिमी म्हणून सुमारे १६४ सीसी. १३बीची जाडी ८० मिमी, चौपट केले की ६५४. पुस्तकात तोच आकडा आहे. माझदाच्या पहिल्या कॉस्मो गाडीतल्या १०ए ची जाडी ६० मिमी, तिचे ४९१ भाचीने स्वतः काढले.

४ डिसेंबर, बुधवार

भाचीचा फोन. शाळेतल्या सरांनी सांगितलं, रोटरी इंजिन म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं, ज्यात सिलिंडरच गरगर फिरतात. सरही बरोबर आहेत. आमच्या वांकेललाही रोटरीच म्हणतात. नाव एक, यंत्रं दोन.

फ्रान्समधल्या सेगॅं बंधूंचं 'नोम' हे त्यातलं गाजलेलं. सात सिलिंडर चांदणीसारखे, ५० अश्वशक्ती. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट, आणि सिलिंडरांचा सगळा झुबका पंख्यासकट फिरतो. फिरल्यामुळे वारा लागून ते आपोआप गार राहत. पण आत पिस्टन आहेतच. वंगण म्हणून एरंडेल घालत, कारण पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही. वापरलेलं एरंडेल परत गोळा होत नसे, धुरासोबत बाहेर उडून वैमानिकाच्या तोंडावर येई. आणि एवढं वजन गरगर फिरत असल्यामुळे भोवऱ्यासारखा परिणाम होऊन विमान एका बाजूला सहज वळे, दुसऱ्या बाजूला हट्ट करी.

तक्त्यावर या दोन्ही इंजिनांची चित्रं शेजारी शेजारी लावायची ठरली.

८ डिसेंबर, रविवार

आज फक्त गळतीचा तपास. सायकलचा पंप जोडून दाबाच्या खोलीत हवा भरली आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे तीन ठिकाणी. टोकांच्या पट्ट्यांवरून थोडे. रोटर आणि झाकण यांच्यामधून जास्त. तिथे खऱ्या इंजिनात रोटरच्या कडेने कमानीसारख्या बाजूच्या सील बसवलेल्या असतात. पण सगळ्यात जोरात कोपऱ्यात, जिथे टोकाची पट्टी बाजूच्या सीलला भेटते. पिस्टनला गोल रिंग असते, तिला कोपराच नाही. इथे तीन टोकं गुणिले दोन बाजू, सहा कोपरे. तिथे खास लहान गोल खुंटी बसवतात, तिच्या खाचेत पट्टीचं टोक अडकतं.

बाजूच्या सीलचा नाद सोडला, प्रदर्शनाला त्याची गरज नाही. झाकणाखाली लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं गॅस्केट घालून बाजूची मोकळीक बसवली. टोकाच्या पट्ट्या मात्र नीट करायच्या ठरवल्या. खाच थोडी खोल केली आणि पट्टीखाली जुन्या मेजर टेपच्या पात्याचा बाकदार तुकडा स्प्रिंग म्हणून घातला. आता पट्टी स्वतःहून भिंतीला चिकटून राहते. खऱ्या इंजिनातही पट्टीखाली अशीच बाकदार स्प्रिंग असते. वेग वाढला की केंद्रापासून बाहेर फेकणारा जोर आणि मागून शिरणारा गॅसचा दाब पट्टीला आणखी घट्ट धरतात. स्प्रिंग मुख्यतः चालू करतानासाठी.

१५ डिसेंबर, रविवार

हँडल काढून त्याजागी कॉर्डलेस ड्रिल लावला, बघू म्हटलं वेगात कसं दिसतं. दोन मिनिटं बरं चाललं, मग बारीक किंचाळल्यासारखा आवाज. थांबवून झाकण काढलं. हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर एकसारख्या आडव्या रेघा, धुण्याच्या खाचांच्या दगडासारख्या. पितळी पट्टी कोरडी घासत असताना थरथरली आणि भिंत कुरतडली.

पोटात गोळा आला, पण त्याच क्षणी हेही समजलं की मी हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या त्या गोष्टीसमोर उभा आहे.

गोष्ट अशी. फेलिक्स वांकेल हा जर्मनीतला लार गावचा, जन्म १९०२ चा. इंजिनिअरिंगची पदवी नाही, नजर अधू, आयुष्यभर मोटार चालवायचा परवाना नाही. तरुणपणी नाझी पक्षात होता, ही त्याच्या नावावरची काळी बाजू. पण फिरणाऱ्या यंत्रात हवाबंद सील कशी करायची याचा ध्यास त्याने सोडला नाही. एनएसयू कंपनीत त्याचं पहिलं इंजिन १ फेब्रुवारी १९५७ ला चाललं. त्यात आतला रोटर आणि बाहेरचं घर, दोन्ही फिरत. स्पार्क प्लग रोटरमध्ये, त्यामुळे प्लग बदलायला इंजिन उघडावं लागे. त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के याने १९५८ मध्ये ते उलगडून घर स्थिर केलं आणि रोटरला एक्सेंट्रिकवर बसवलं. वांकेलला हा बदल रुचला नव्हता. पण आज आपण ज्याला वांकेल इंजिन म्हणतो, आणि माझ्या टेबलावर जे आहे, ते पाश्केच्या मांडणीचं.

१९६१ मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे माझदाने, परवाना घेतला. जर्मनीहून आलेलं इंजिन चालवलं तर भिंतीवर हेच ओरखडे. तिथल्या लोकांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हटलं. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा वेगळा विभाग बसला आणि या ओरखड्यांमागे लागला. त्यांना उमगलं की गुन्हेगार घर्षण एकटं नाही, पट्टीची स्वतःची थरथर आहे. सतारीच्या तारेला जसा तिचा सूर असतो तसा पट्टीला तिचा. पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून त्यांनी तो सूर बदलला आणि ओरखडे गेले. गाडीत बसवण्यासाठी मात्र पुढे कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्या केल्या. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विकायला आली: दोन रोटर, ९८२ सीसी, ११० अश्वशक्ती.

त्याच वर्षी एनएसयूची रो ८० आली. देखणी गाडी, १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर'. पण तिच्या पट्ट्या लवकर झिजत. दोन रो ८० रस्त्यात समोरासमोर आल्या की चालक बोटं वर करून किती इंजिनं बदलून झाली ते एकमेकांना सांगत, अशी आठवण सांगतात. हमीवर इंजिनं बदलून देण्यात कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या घरात गेली. दोन कंपन्या, एकच इंजिन, आणि फरक एका बोटाएवढ्या पट्टीचा.

आमच्या भिंतीला बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग मेटल पॉलिश. रेघा जवळजवळ गेल्या. दोन थेंब मशीन ऑइल सोडून पुन्हा ड्रिल लावला. आवाज नाही, रेघ नाही. खऱ्या रोटरी इंजिनातही एक छोटा पंप आतल्या भिंतीसाठी थेंब थेंब तेल सोडतो आणि ते तेल पेट्रोलबरोबर जळतं. म्हणून या गाड्यांत मधूनमधून तेल भरावंच लागतं. त्यांच्या रचनेतच ते धरलेलं आहे.

२२ डिसेंबर, रविवार

रंगकाम. भाचीने हाउसिंगच्या बाहेरून चार रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या: निळी ओढण्याची, पिवळी दाबण्याची, लाल जळण्याची, राखाडी धूर सोडण्याची. चिकटवताना तिलाच प्रश्न पडला. "मामा, लाल बाजू नेहमी लालच राहणार?"

हो. पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड हवा येते आणि तिथेच स्फोट होतो, भिंत आलटून पालटून गरम-गार होते. इथे एक अंग कायम भट्टीशी आणि दुसरं कायम गार. एकाच घराची एक भिंत तापून फुगते, दुसरी नाही, आणि पट्टीला त्या वाकड्या झालेल्या भिंतीवरूनच हवाबंद जायचं असतं. थंड पाणी कुठून कुठे फिरवायचं हा इथला मोठा प्रश्न असतो.

स्पार्क प्लगसाठी कमरेपाशी दोन लाल एलईडी. दोन का? दाबलेली जागा लांबट आणि चपटी असते, आणि कमरेचा खड्डा तिला मधोमध आवळतो. एका ठिणगीची आग दुसऱ्या टोकापर्यंत वेळेत पोचत नाही. मागच्या प्लगचं भोक पुढच्यापेक्षा बारीक ठेवतात, कारण पट्टी त्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या दाबात फरक असतो आणि मोठ्या भोकातून गॅस पलीकडे निसटेल.

२५ डिसेंबर, बुधवार

तक्त्याचा मजकूर लिहिला. भाचीला आपल्याकडचं काहीतरी हवं होतं. आहे, आणि आपल्याच नगरमध्ये आहे. इथल्या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेने बंगळूरच्या संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन तयार केलं. ते 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी. २००९ मध्ये निशांत या देशी इंजिनावर उडालं. निशांतला धावपट्टी लागत नसे. गाडीवरच्या गलोलीसारख्या यंत्रातून ते सोडत आणि पॅराशूटने उतरवत.

अशा विमानाला हे इंजिन का शोभतं हे प्रतिकृती हातात घेतली की समजतं. आकाराच्या मानाने ताकद जास्त, सुटे भाग कमी, आणि वरखाली आपटणारं काही नाही. रोटरचं वजन शाफ्टवरच्या दोन वजनांनी तोलता येतं. कॅमेरा घेऊन उडणाऱ्या विमानाला न थरथरणारं इंजिन हवं असतं.

मी कित्येक वर्षं त्या रस्त्यावरून जातो-येतो. ही गोष्ट तक्त्यावर सगळ्यात वर लावली.

५ जानेवारी २०२५, रविवार

रंगीत तालीम. मी परीक्षक झालो आणि विचारलं, "एवढं चांगलं आहे तर सगळ्या गाड्यांत का नाही?"

तिने आधी गळतीचं सांगितलं, मग पेट्रोलचं. जळण्याची खोली लांब आणि चपटी, म्हणजे आतल्या गॅसच्या मानाने भिंत जास्त. भिंतीपाशी ज्योत विझते, थोडं पेट्रोल न जळता बाहेर जातं, उष्णताही भिंतीत मुरते. म्हणून खर्च जास्त आणि धूरही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा माझदाला त्याचा जबर फटका बसला. तरी त्यांनी सोडलं नाही. १९७८ ला आरएक्स-७, २००३ ला आरएक्स-८, तिच्यात धुराची भोकं भिंतीऐवजी बाजूच्या झाकणात नेली. २०१२ ला ती बंद झाली. २०२३ मध्ये हे इंजिन एमएक्स-३० या विजेच्या गाडीत परत आलं: एकच रोटर, ८३० सीसी, चाकांना न जोडलेलं, नुसतं वीज तयार करायला.

मला हे परतणं मनापासून आवडलं. ठरावीक वेगाला, लहान जागेत, न थरथरता चालायचं, हे काम त्याच्या अंगचं आहे. तिने उत्तर बरोबर दिलं, फक्त घाईत बोलली. "सावकाश बोल, आणि बोलताना हँडल त्यांच्या हातात दे," एवढं सांगितलं.

११ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन. सकाळी नऊ ते चार. लहान मुलांनी हँडल उलटंही फिरवलं, काही तुटलं नाही. पाचवीतल्या एका मुलाने पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, या तीन निघाल्या तर?" भाचीने एक पट्टी काढून दाखवली, हँडल फिरवायला दिलं आणि दोन खोल्यांमधली फट बघायला सांगितली. तो बराच वेळ बघत होता.

ते सरही आले. नोमच्या चित्रासमोर थांबले आणि मुलांना एरंडेलाची गोष्ट स्वतः सांगितली.

१२ जानेवारी, रविवार

उघडून तपासणी. गिअरचे दात ठीक. एक्सेंट्रिकची चकती जराशी सैल, ग्रब स्क्रू पुन्हा आवळला. भिंतीवर ओरखडे नाहीत.

तिन्ही पट्ट्या काढून पुसल्या. गोल टोकावर घासून चकाकी आली आहे, पण टोकाच्या एका रेघेवर नाही, एका पट्ट्यावर. भाचीने व्हर्निअरने मोजला: सुमारे अडीच मिमी रुंद. मग कागद घेतला. पट्टी दोन्ही बाजूंना २५.४ अंश झुकते, टोकाची त्रिज्या ३ मिमी, म्हणजे टेकण्याची जागा मध्यापासून १.२९ मिमी इकडे आणि १.२९ तिकडे सरकते. एकूण २.५७.

पट्ट्यांवर मार्करने १, २, ३ लिहून त्या परत त्यांच्याच खाचांत बसवल्या. दोन थेंब तेल.